भुवईवरचं नाव

माझं एक नाव असं आहे की ते तोंडानं घेता येत नाही.

कंपनीच्या कार्डावर मी रुद्राप्पा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ज्या फाउंड्रीत मी आयुष्य काढलं तिथं रुद्रा मिस्त्री. घरात मुलगी अप्पा म्हणते, म्हणून सगळी कॉलनी अप्पा म्हणते. पण माझी बायको महादेवी जन्मापासून बहिरी होती. तिला ही नावं काय उपयोगाची? तिनं मला तिचं म्हणून एक नाव दिलं होतं. हात उचलायचा आणि डाव्या भुवईला लावायचा. झालं नाव.

माझी डावी भुवई अर्धीच आहे. लग्नाआधी भट्टीवर काम करताना वितळलेल्या लोखंडाचा थेंब उडाला होता. आम्ही शिरोळला मुलगी बघायला गेलो, पोहे खाऊन परत आलो. आमच्या मागं तिच्या बहिणीनं तिला हातांनी विचारलं, आलेल्यांतला मुलगा कोणता, कळलं का तुला? महादेवीनं भुवईला हात लावून दाखवला. लग्न ठरायच्या आधी माझं नाव ठरलं.

पुढं तिचे हात कायम पिठात नाहीतर साबणात. म्हणून ती बोटं लावायची नाही, मनगटाची पाठ टेकवायची. हात कोरडे असले तरी मनगटच. पहिली पाळी सुटली की कंपनीची बस मला चौकात सोडायची. मी फाटकातून आत आलो की ती स्वयंपाकघराच्या खिडकीत असायची आणि मनगट वर जायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई घाम पुसतेय. मला हाक ऐकू यायची.

फाउंड्रीत एवढा आवाज की आम्ही कामगारही हातांनीच बोलायचो. त्यामुळं तिची भाषा मला जड गेली नाही. शांभवी, आमची मुलगी, तर बोलायच्या आधी हातवारे शिकली. तीही लहानपणी मला भुवईवरून बोलवायची. मग तिला वाचा फुटली आणि अप्पा, अप्पा सुरू झालं.

गेल्या श्रावणात महादेवी गेली. तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून मला त्या नावानं कुणी बोलावलं नाही आणि कुणी बोलवावं असं मला वाटतही नव्हतं. ते नाव तिच्याबरोबर संपलं असं मी धरून चाललो होतो. संपलेलं परवडलं. दुसऱ्याच्या हातात गेलेलं मला चाललं नसतं.

आणि उन्हाळ्यात घरात पिक्चर आला.

शांभवी बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. विश्वजित नावाचा एक दिग्दर्शक तिला शोधत आला. इथलाच पोरगा, मुंबईत काम करून परत आलेला. त्याच्या पिक्चरची हिरॉईन बहिरी होती आणि नटीला खुणा शिकवायला कुणीतरी हवं होतं. मी त्याला चहा दिला. तो कप हातात घेऊन घरभर फिरला. बेल वाजली की स्वयंपाकघरात पेटणारा लाल बल्ब त्यानं बघितला. शेगडीच्या वर लावलेला आरसा बघितला. तो मी लावला होता, भाकरी थापताना महादेवीला पाठीमागचं दार दिसावं म्हणून.

"अप्पा, हितं सेट लावायची गरजच न्हाय," तो म्हणाला. "हे घरच पिक्चर हाय."

"काय गोष्ट हाय तुमच्या पिक्चरची?"

"बाई घरात एकटी. नवरा पाळीला गेलेला. भर दुपारी मागच्या भिंतीवरनं एक माणूस आत येतोय. बाईला ऐकू येत न्हाय. आणि तिला ऐकू येत न्हाय हे त्याला म्हाईत न्हाय."

पाळीवर असताना नेमकं हेच माझ्या डोक्यात यायचं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि हा पोरगा चहा पीत पीत सांगत होता.

"मग नवरा काय करतोय?"

"नवरा शेवटी येतोय."

"शेवटीच?"

"आधी आला तर पिक्चर कशाचा, अप्पा?"

मला नको होतं. पण शांभवी मागं लागली. "घर जरा माणसांनी भरंल अप्पा. आपण दोघं नुसतं भिंतीकडं बघत बसतोय." मी हो म्हणालो.

माणसांनी घर भरलं खरं. दिवे आले, वायरी आल्या, अंगणाच्या कडेला जनरेटरची गाडी आली. हिरॉईन सौंदर्या, जयसिंगपूरची मुलगी, नाटकातून आलेली. तिला महादेवीसारखी इरकल साडी नेसवली. शांभवी तिला गच्चीवर घेऊन बसायची आणि दोघींचे हात चालायचे. मी गच्चीवर जायचं बंद केलं. घरात बसून मात्र माझं सगळं लक्ष वरच असायचं. महादेवीची भाषा ती पोरगी फुकटात घेऊन चाललीय असं वाटायचं.

पण सौंदर्यापेक्षा माझा राग सम्राटवर होता. सम्राट म्हणजे पिक्चरमधला नवरा. उंच, दाट केसांचा. तो माझ्या खुर्चीत बसायचा. माझ्या खुंटीला शर्ट अडकवायचा. कॅमेरा सुरू झाला की सौंदर्या त्याला ताट वाढायची, तो तिच्याकडं बघून हसायचा आणि ती त्याच्याकडं. माझ्या घरात, माझ्या ताटलीत. शेजारच्या शालूबाई रोज दाराशी येऊन उभ्या राहायच्या. पिक्चरमधल्या भाकरी त्याच भाजून द्यायच्या, कारण सौंदर्याची भाकरी परातीतच फाटायची.

"काय ओ अप्पा," शालूबाई म्हणाल्या, "हिरो तुमच्यापरीस बरा दिसतोय की."

"खोट्या कामाला बराच असतोय माणूस."

"अगंबाई! तुमच्या का पोटात दुखाय लागलं?"

"खिडकीतनं बाजूला व्हा. तुमची सावली पडतीया त्यांच्या कॅमेऱ्यात."

पोटात दुखत होतं हे खरं होतं. एक दिवस मेकअपवाली सम्राटची डावी भुवई वस्तऱ्यानं अर्धी काढताना मी बघितली. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, कॅरेक्टरला खूण पाहिजे काका. मला वाटलं माझं तोंड पिक्चरला उचललं, अजून काय. त्यावर मी गप्प बसलो. तोंडाचं मला एवढं काही नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी माणूस घरात शिरतो तो भाग घेतला. शिरणारा नट हंबीरराव. तालमीत वाढलेला, रेड्यासारखा गडी, पण स्वभाव एकदम गरीब. शॉट संपला की माझ्याजवळ येऊन बसायचा आणि त्याच्या म्हशीचं दूध कमी झाल्याचं सांगायचा. कॅमेरा लागला की मात्र त्याच्याकडं बघवायचं नाही.

मी मधल्या खोलीत उभा राहून बघितलं. सौंदर्या शेगडीपाशी, पाठ दाराकडं. तव्यावर पाणी मारलं, वाफ उठली आणि आरसा धुरकट झाला. मागं मोरीच्या दारातून हंबीरराव आत आला. त्याच्या पायाखाली एक वाटी आली आणि घरंगळत भिंतीला जाऊन आपटली. तो दचकून थांबला. ती भाकरी थापतच होती. तो तिच्या पाठीकडं बघत राहिला. एवढा आवाज झाला आणि बाई वळत का नाही? तो एक पाऊल पुढं आला. अजून एक. हे सगळं खोटं आहे, हा माणूस आत्ता येऊन मला म्हशीचं सांगणार आहे, हे माहीत असूनही माझा पाय जमिनीवर आपटायला उचलला गेला. महादेवीला बोलवायचं तर आम्ही फरशीवर पाय आपटायचो, धक्का तिच्या तळपायाला कळायचा. शांभवीनं मागून माझा शर्ट धरला.

सौंदर्यानं पदरानं आरसा पुसला. आरशात तो होता.

"कट," विश्वजित म्हणाला. मी परड्यात जाऊन तोंडावर पाणी मारलं. महादेवीला मी असं कधी बघितलं नव्हतं, एकटी असताना. मी घरात असताना ती एकटी नसायची आणि ती एकटी असताना मी भट्टीवर. ते बघायला मिळालं या सगळ्यांना, तेही खोटं, आणि तरी मला त्यांचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी नवरा घरी येतो तो भाग होता. कॅमेरा अंगणात लावला होता, खिडकीकडं तोंड करून. गोष्ट अशी होती. आतला माणूस दाराआड सुरा घेऊन उभा आहे. त्यानं बाईला खुणेनं सांगितलंय, नवऱ्याला काही कळू द्यायचं नाही, काम करत राहा. नवरा फाटकातून येतो. बाईनं खिडकीतून त्याला सांगायचं की आत येऊ नको, आणि ते मागच्या माणसाला कळता कामा नये.

मी जनरेटरच्या गाडीशेजारी उभा होतो. ऊन माथ्यावरून कलायला लागलं होतं, म्हणजे माझी बस चौकात यायची ती वेळ. सम्राट फाटकातून आत आला. खांद्याला डबा, पायात माझ्यासारखे कंपनीचे बूट. खिडकीत इरकल साडी. जाळीच्या मागं पिठाचे हात. ती वर बघते, आणि तिचा हात भुवईकडं जातो.

त्यानंतर मी काय केलं ते मला लोकांनी सांगितलं. मला एवढंच कळलं की मला हाक मारली आहे. मी निघालो. वायरी ओलांडल्या, सम्राटला बाजूला सारलं आणि खिडकीचे गज धरून उभा राहिलो.

"कट!" विश्वजित ओरडला.

जाळीच्या पलीकडं सौंदर्याचा चेहरा होता. महादेवीचा नव्हता. ती घाबरली होती. तिच्या मागून सुरा हातात घेतलेल्या हंबीररावानं मान पुढं काढली आणि काळजीनं विचारलं, "अप्पा, पाणी पाहिजे काय?"

कुणीतरी हसलं. सम्राट मागून म्हणाला, "काका, एंट्री माझी होती की."

"तुझी?" मी वळलो. "कुणाला हाक मारली ती म्हाईत हाय का तुला? माझ्या घरात बसलास, खुर्ची घेतलीस, मी काय बोललो न्हाय. भुवई घेतलीस, तरी बोललो न्हाय. आता बायको हाक मारणार ती बी तुला?"

तो बिचारा एक पाऊल मागं सरला. मी ओरडलो, "शांभवी! ही खूण हिला कुणी दिली?"

शांभवी कॅमेऱ्याच्या मागून पुढं आली. "मी दिली अप्पा."

"तुझी अव्वा जाऊन वरीस झालं न्हाय आणि तू तिची हाक बाजारात मांडलीस?"

ती काहीतरी बोलणार होती, पण सगळे तिच्याकडं बघत होते. विश्वजितनं सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि मला ओट्यावर बसवलं.

"अप्पा, ऐका. मला अशी खूण पाहिजे होती की ती खूण वाटू नये. मागच्याला वाटलं पाहिजे, बाईनं घाम पुसला. दुसरी मिळंना."

"बदला."

"हे अर्धं पिक्चर..."

"बदला, न्हायतर सामान उचला. घर माझं हाय."

त्याचं तोंड उतरलं. पण पोरगा भांडला नाही. त्यानं हंबीररावला सौंदर्याच्या मागं उभं केलं आणि शांभवीला दुसऱ्या खुणा करून बघायला सांगितल्या. सौंदर्यानं कानाची पाळी धरली. "कळलं," हंबीरराव म्हणाला. तिनं हनुवटीला हात लावला. "हे बी कळलं. पोरगी कायतरी सांगतीया." तिनं बांगड्या सारल्या. "आता तर मी सुराच काढीन." तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. मलाही बसल्या जागेवरून कळत होतं. त्या सगळ्या खुणा वाटत होत्या. हाक एकच होती.

मी हटलो नाही. "मग पिक्चर न्हाय झाला तरी चालंल," मी म्हणालो. सौंदर्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

विश्वजित म्हणाला, "एकदा बघून तरी घ्या अप्पा. मग पुसून टाकतो तुमच्यासमोर."

छोट्या टीव्हीसारख्या पडद्यावर त्यानं तो शॉट लावला. फाटक, सम्राटची पाठ, खिडकी. सौंदर्या वर बघते. हात उचलते. आता मी जवळून बघत होतो, जाळी आणि ऊन मध्ये नव्हतं.

मनगट नव्हतं.

दोन बोटं होती. ती भुवईच्या बाहेरच्या टोकाला टेकली, आत सरकत आली आणि मधेच थांबली. जिथं माझी भुवई संपते, बरोबर तिथं. मग पडद्यावर मीच आलो, म्हातारा, पायजम्याची नाडी लोंबतेय, सम्राटला ढकलत.

अंगणात मला लांबून नुसता हात वर जाताना दिसला होता. बाकीचं मी माझ्या मनानं भरून घेतलं होतं.

ती दोन बोटं मला माहीत होती. लहान असताना शांभवी मांडीवर बसून माझी भुवई चाचपायची. केस कुठं संपतात ते बोटांनी शोधायची आणि तिथं थांबून हसायची. महादेवीची बघून तिनं स्वतःची हाक केली होती. महादेवीसुद्धा ती कधी करायची नाही. ती पोरीची म्हणून सोडून दिलेली.

"ही तुझी हाय," मी शांभवीला म्हणालो.

"मग? अव्वाची मी कुणाला देईन व्हय?"

"तुझी तरी का दिलीस?"

"पडून हाय म्हणून." तिचा आवाज चढला. शाळेत कधी ती एवढ्या जोरानं बोलत नसेल. "अव्वा गेल्यापास्नं जेवायला बसलो की मी रोज करती. तोंडानं अप्पा म्हटलं की तुम्ही नुसतं हूं म्हणता, म्हणून हातानं करती. तुम्ही ताटातनं मान वर काढत न्हाय. काढली तर त्या खिडकीकडं. म्हटलं माझ्या बापाला लागत न्हाय, पिक्चरला तरी लागू दे."

मी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"आणि हेवा काय तुम्हालाच वाटतोय काय?" ती म्हणाली. "अव्वानं मनगट उचललं की तुम्ही हातातलं टाकून उठायचा. मी केलं की 'थांब गं'. आज ह्या परक्या पोरीनं केलं तर पळत सुटलासा. माझी खूण, माझ्या हातानं तुम्हाला दिसली न्हाय. हिच्या हातानं दिसली."

सौंदर्या खाली मान घालून पदराची किनार गुंडाळत होती. हंबीररावानं सुरा खिडकीत ठेवून दिला आणि तो हळूच फाटकाबाहेर गेला.

विश्वजितला मधलं सगळं कळलं नसावं. त्यानं वहाणा शोधत शोधत सहज विचारलं, "मग अव्वांची कशी होती?"

मी शांभवीकडं बघितलं. तिनं माझ्याकडं. तिचे डोळे ओले होते.

"आता आठवत न्हाय," शांभवी म्हणाली.

"माझ्या बी ध्यानात न्हाय," मी म्हणालो.

"असू दे," तो म्हणाला.

मग मी त्याला सांगितलं, पुसू नका, पण हा नको, पुन्हा घ्या, ह्यात माझी नाडी दिसतेय. तो माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हणालो, ऊन आहे तोवर उरका.

त्यांनी मला घरात जाऊन बसायला सांगितलं. मी म्हणालो, मी इथंच थांबतो. जनरेटरच्या गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. सम्राट फाटकातून आला. खिडकीत साडी हलली. दोन बोटं वर गेली, सरकली, थांबली. मला सरळ सांगायचं तर त्या क्षणी सम्राटला उचलून बाहेर फेकावंसं वाटलं. त्याला हाक येत होती. खोटी का असेना, खिडकीतून येत होती. सौंदर्यानं मग तळहात खिडकीच्या कट्ट्यावर सपाट ठेवला, म्हणजे येऊ नको. सम्राटचा पाय पायरीवर थांबला. मागच्या दाराआड हंबीरराव, सुरा घेऊन, काही न कळलेला.

दांडा मी सोडला नाही.

"कट! झ्याक!" विश्वजित ओरडला. अंगणात टाळ्या पडल्या. शालूबाई कुंपणावरून म्हणाल्या, "ह्या बारीला अप्पा कसं न्हाय आलं?"

सगळे आवराआवर करायला लागले. मी तसाच उभा होतो. खिडकी रिकामी झाली होती. मग मला वाटलं कुणीतरी बघतंय. शांभवी अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, दारात चहाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं भांडं डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताची दोन बोटं भुवईवर नेली.

मी दांडा सोडला.

माझ्याआधी सम्राट वळला. दिवसभर त्याच खुणेवर मान फिरवून त्याला सवय झाली होती. अर्ध्या भुवईचा तो, हसत दाराकडं निघालासुद्धा. मी त्याचा दंड धरला.

"पावणं," मी म्हणालो, "तुम्हाला न्हवं. मला बोलावलंय."